बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरसाठी लॅपटॉप की डेस्कटॉप: विदर्भातील गावात राहणाऱ्यांसाठी

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्या तालुक्यातील पालक मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारू लागले आहेत: बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर चालवायला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? वर्धा जिल्ह्यातील एका गावात शाळेच्या व्हरांड्यात मी संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, आणि ही दोन्ही यंत्रे मी वापरली आहेत, बिघडवलीही आहेत. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीची तुलना असते. माझे मत असे आहे की ताकदीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आपल्या भागात हा निर्णय वीज, ऊन आणि प्रवास या तीन गोष्टींवर ठरतो.

ताकद शेवटी का, हे आधी सांगितले पाहिजे. आज जवळजवळ प्रत्येक खेळाडू ज्या इंजिनाने, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रामने, आपले डाव तपासतो ते स्टॉकफिश मोफत आहे, आणि ते सगळे काम प्रोसेसरवर करते. १९९७ मध्ये तेव्हाचा विश्वविजेता गॅरी कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती (पटावरच्या मांडण्या) तपासत असे. आजचा मध्यम किमतीचा लॅपटॉप स्टॉकफिशसह सेकंदाला पन्नास-साठ लाख स्थिती तपासतो, तरीही तो डीप ब्लूपेक्षा कितीतरी सरस खेळतो, कारण कोणत्या चाली पाहायच्याच नाहीत हे नवे इंजिन फार चांगले ओळखते आणि २०२० मधील बाराव्या आवृत्तीपासून स्थितीचे मूल्यमापन करण्यासाठी त्यात लहानसे न्यूरल नेटवर्कही आहे. वेग दुप्पट झाला म्हणून इंजिन दुप्पट पुढच्या चालींपर्यंत पाहू लागत नाही, जेमतेम एखादी अर्धचाल, म्हणजे एका बाजूची एक चाल, वाढते. चौदाशे रेटिंगच्या मुलाचा घोडा फुकट गेला, हे दाखवायला कोणत्याही चालू यंत्राला एक सेकंदही पुरेसा होतो. पत्राद्वारे बुद्धिबळ खेळणारा किंवा एखादी ओपनिंग (डावाच्या सुरुवातीची ठरावीक चालमालिका) वीस चालींपर्यंत खणून काढणारा खेळाडू मात्र इंजिन रात्रभर चालवतो, आणि त्याच्यासाठी वेगाला खरोखर किंमत आहे. म्हणून दुकानात पाय ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारावे की आपले यंत्र एका बैठकीत सलग किती वेळ विचार करणार आहे: दहा मिनिटे, दोन तास की अख्खी रात्र.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न थोडक्यात मिटतो. स्टॉकफिश ते वापरत नाही. लीला चेस झिरो या इंजिनाला मात्र चांगल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालणे जड जाते. ज्याला लीला चालवायचीच नाही, त्याने ‘गेमिंग’ लॅपटॉपसाठी वीस-पंचवीस हजार रुपये जास्त मोजण्यापूर्वी विचार करावा. त्या लॅपटॉपांतील पंखे मोठे असतात आणि ते उन्हाळ्यात उपयोगी पडतात, ही गोष्ट खरी आहे, पण त्यासाठी इतके पैसे मोजणे मला पटत नाही.

आता उन्हाविषयी, कारण खरी गोम इथे आहे. इंजिन चालू झाले की प्रोसेसरचे सगळे कोर एकाच वेळी पूर्ण क्षमतेने राबू लागतात आणि थांबवेपर्यंत राबत राहतात. कार्यालयीन कामात, व्हिडिओ पाहण्यात किंवा हिशेब लिहिण्यात असे कधीच होत नाही. त्यामुळे जाहिरातीतील वेग हा पहिल्या एक-दोन मिनिटांचा असतो, तर बुद्धिबळपटूला विसाव्या मिनिटाचा वेग लागतो. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. ही उष्णता बाहेर पडणार ती खोलीतल्या हवेत, आणि जानेवारीच्या रात्री जी हवा १५ अंशांवर असते ती मे महिन्यात टिनाच्या छपराखाली दुपारी ४२ अंशांवर असते. म्हणजे यंत्राला श्वास घ्यायला जी जागा मिळते, ती ऋतूबरोबर २७ अंशांनी आकसते.

हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. मे महिन्यातील एका दुपारी दोन हत्तींचा एक अंत्यखेळ तपासण्यासाठी मी लॅपटॉप गादीवर ठेवून इंजिन सुरू केले, तेव्हा पडद्यावर सेकंदाला ६० लाखांच्या आसपास आकडा दिसत होता. पाणी पिऊन परत आलो तर तो ४१ लाखांवर आला होता, आणि पंधरा मिनिटांनी २८ लाखांवर स्थिरावला. पंखा चक्कीसारखा घरघरत होता आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हते. लॅपटॉप उचलून लाकडी पाटावर ठेवला आणि त्याच्या मागच्या कडेखाली जुन्या बुद्धिबळाच्या दोन सोंगट्या सरकवल्या, तेव्हा दहा मिनिटांत आकडा पुन्हा ३९ लाखांवर चढला. गादी हवेच्या जाळ्या बंद करते, एवढे साधे कारण होते. पण त्या दुपारी त्याच खोलीत डेस्कटॉप असता, तर त्याचा आकडा फारसा हलला नसता, कारण त्याच्या प्रोसेसरवर तळहाताएवढा धातूचा ठोकळा आणि मोठा पंखा असतो आणि कॅबिनेटमध्ये हवेला फिरायला जागा असते. याच कारणाने सारख्या नावाचा प्रोसेसर असूनही डेस्कटॉप लांबच्या विश्लेषणात लॅपटॉपला सहज मागे टाकतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरला १५ ते ४५ वॅटच्या मर्यादेत काम करायचे असते, तर डेस्कटॉपच्या साध्या प्रोसेसरलाही ६५ वॅट किंवा त्याहून अधिक वापरण्याची मुभा असते.

कूलरविषयी एक सूचना इथेच देतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, पण त्याचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये, कारण त्या हवेत ओल असते आणि टाकी नुकतीच भरलेली असली तर बारीक थेंबही उडतात. यंत्र कूलरच्या बाजूच्या भिंतीला ठेवावे आणि दोघांना एकाच बोर्डावर जोडू नये. कूलरची मोटार सुरू होताना दाब क्षणभर खाली जातो, आणि हलक्या प्रतीचा डेस्कटॉप तेवढ्यानेही बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

ऊन वर्षातून चार महिने छळते, वीज बारा महिने छळते. गावठाण फीडर वेगळा असलेल्या गावांत परिस्थिती बरी आहे. पण रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की दिवा मंद होणे, पावसाळ्यात डीपी जळाली म्हणजे दोन-तीन दिवस अंधारात काढणे, आणि कधी न्यूट्रल तुटून घरातला दाब भलताच चढणे, हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. लॅपटॉपच्या अडॅप्टरला १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब चालतो आणि मागे बॅटरी असते, म्हणून कमी दाबाचा आणि क्षणिक झटक्यांचा त्याला पत्ताही लागत नाही. दाब फार चढला तर बहुधा अडॅप्टर जळतो, लॅपटॉप वाचतो. डेस्कटॉपला मात्र यूपीएस किंवा इन्व्हर्टर हवाच, आणि तो खर्च डेस्कटॉपच्या किमतीत पहिल्या दिवशीच धरावा.

इथे थोडे गणित करू. इंजिन पूर्ण वेगाने चालवणारा साधा डेस्कटॉप मॉनिटरसह १३० ते १५० वॅट घेतो. बाजारातला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्याला दहा-पंधरा मिनिटे तग धरू देतो, म्हणजे काम जतन करून यंत्र नीट बंद करता येते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. घरात १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल, तर कागदावर १८०० वॅट-तास दिसतात, पण प्रत्यक्षात घट वजा जाता हजार-बाराशेच हाती येतात. त्यावर दोन पंखे आणि डेस्कटॉप एकत्र चालवले तर साडेतीन-चार तास निघतात. बहुतेक इन्व्हर्टरला मागे एक कळ असते. ती ‘यूपीएस’वर ठेवली तर वीज गेल्यावर बदल इतका लवकर होतो की संगणक बंद पडत नाही. ही कळ अनेकांच्या घरी दुसऱ्या बाजूला असते, आणि मग इन्व्हर्टर असूनही संगणक बंद का पडतो, अशी तक्रार ऐकू येते.

लॅपटॉपच्या बॅटरीबद्दलही लोकांची समजूत चुकीची असते. खोक्यावर आठ तास लिहिलेले असतात, ते पडदा मंद ठेवून वाचण्याचे तास असतात. पन्नास वॅट-तासांची बॅटरी आणि पूर्ण वेगाने चालणारे इंजिन अशी जोडी तासाभरात दम तोडते, शिवाय बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. म्हणून वीज नसताना इंजिन बंद ठेवावे, डेटाबेसमधील डाव पाहावेत आणि विचार स्वतः करावा. खेळाडूच्या दृष्टीने तो वेळ वाया जात नाही, उलट इंजिन बंद असताना शिकलेले जास्त टिकते असा माझा अनुभव आहे. विजेच्या बिलाची चिंता मात्र करू नये: रोज तीन तास इंजिन चालवले तर डेस्कटॉपला महिन्याला सुमारे बारा युनिट आणि लॅपटॉपला सुमारे पाच युनिट लागतात.

आकाशात वीज कडाडू लागली की दोन्ही यंत्रांचे प्लग बोर्डातून काढावेत आणि इंटरनेटची तांब्याची तार येत असेल तर तीही काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत ज्यांच्या घरी एका खोलीत कापूस भरलेला असतो, त्यांनी धुळीचा विचार वेगळा करावा. रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे चिकटतात. डेस्कटॉपचा बाजूचा पत्रा दोन स्क्रू काढून उघडता येतो आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने पंधरा मिनिटांत सगळे साफ होते. लॅपटॉपची पाठ उघडणे नाजूक काम आहे आणि वॉरंटीच्या काळात ते स्वतः करू नये. उलट डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये पाल, झुरळ आणि पावसाळ्यातले किडे हक्काने बिऱ्हाड करतात. कॅबिनेटमागच्या मोकळ्या फटींवर बारीक जाळी लावावी आणि यंत्र जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावे, म्हणजे उंदीरही तारांपर्यंत सहज पोचत नाहीत.

प्रवासाचा मुद्दा ज्याच्या त्याच्या खेळावर अवलंबून आहे. वर्षातून सहा-सात स्पर्धांसाठी एसटीने नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला जाणाऱ्या मुलाला आदल्या रात्री पुढच्या फेरीची जोडी कळते, आणि प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव पाहण्यासाठी खोलीवर लॅपटॉप असला तर खरोखर फायदा होतो. खेळाच्या सभागृहात मात्र तो नेता येत नाही, फोनसुद्धा नाही. म्हणून तो मुक्कामी सुरक्षित ठेवण्याची सोय आधी पाहावी. जो मुलगा वर्षातून एखादीच जिल्हा स्पर्धा खेळतो, त्याला रात्रीच्या तयारीसाठी फोनवरील लिचेस हे बुद्धिबळाचे ॲप पुरते. तेही मोफत आहे आणि तिथे स्टॉकफिशने विश्लेषण होते.

पडद्याचा आकार मला सुरुवातीला गौण वाटत असे. चौदा इंचांच्या लॅपटॉपवर पट, चालींची यादी, इंजिनाच्या तीन ओळी आणि ओपनिंगचे झाड हे सगळे मांडले की पट तळहाताएवढा उरतो, आणि आमच्या व्हरांड्यात तर चार-पाच मुले एकाच पडद्यावर वाकलेली असतात. चोवीस इंचांचा मॉनिटर आला त्या दिवसापासून मागच्या मुलांनी ‘सर, हत्ती कुठं गेला?’ असे विचारणे बंद केले. लॅपटॉप घेणाऱ्यानेही एचडीएमआयचे तोंड असलेलाच घ्यावा, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडता येतो.

दुरुस्तीच्या बाबतीत माझा अनुभव कडू आहे. माझ्या पहिल्या लॅपटॉपचे चार्जिंगचे तोंड सैल झाले. तालुक्याच्या दुकानदाराने तो शहरातील एका सेवा केंद्रात पाठवला, तिथून सुटा भाग नाही असे उत्तर आले, आणि तो हाती पडायला बावीस दिवस लागले. त्यानंतरच्या वर्षी डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) जळाला, तेव्हा सकाळी गेलेला मुलगा दुपारच्या एसटीने नवा घेऊन परत आला आणि संध्याकाळी वर्ग भरला. डेस्कटॉपचा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि पुढे रॅम किंवा डिस्क वाढवता येते. अनेक बारीक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, म्हणून लॅपटॉप घेताना रॅम वाढवता येते का हे विचारावे, आणि येत नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबीचा घ्यावा.

साठवणीसाठी एसएसडी दोन्हींत अत्यावश्यक आहे. चेसबेस या बुद्धिबळाच्या प्रोग्रामच्या मोठ्या डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक डाव असतात आणि जुन्या फिरत्या डिस्कवर त्यात शोध घेणे म्हणजे चहा करून येण्याएवढा वेळ. थोड्या सोंगट्या उरलेल्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल सांगणाऱ्या अंत्यखेळाच्या सिझिजी तक्त्यांपैकी पाच सोंगट्यांपर्यंतचे तक्ते जवळपास एक जीबीत मावतात, सहा सोंगट्यांच्या तक्त्यांना सुमारे दीडशे जीबी लागतात, आणि सात सोंगट्यांचे तक्ते १७ टीबीच्या पुढे जात असल्याने ते घरी आणण्याचा विचार सोडून द्यावा. बहुतेकांना पाच सोंगट्यांचे पुरतात.

जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. नागपूरच्या बर्डीवर कार्यालयांतून निघालेले डेस्कटॉप कमी किमतीत मिळतात आणि त्यांतील काही उत्तम असतात, पण इंटेलच्या चौथ्या पिढीआधीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ ही सोय नाही आणि त्याविना आजचे स्टॉकफिश बरेच रेंगाळते. दुसरे असे की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळजवळ सर्व यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ज्याला चेसबेस वापरायचे आहे त्याला विंडोज लागतेच. ज्याला त्याची गरज नाही, त्याने अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून स्किड (डावांचा डेटाबेस पाहण्याचा प्रोग्राम) आणि स्टॉकफिश चालवावे. दोन्ही मोफत आहेत आणि चांगले चालतात.

या सगळ्यावरून मी पालकांना जे सांगतो ते असे. घरी इन्व्हर्टर आहे, मूल फारसे बाहेर जात नाही आणि घरातले इतरही संगणक वापरणार आहेत, तर डेस्कटॉप घ्यावा. त्याच पैशांत तो जास्त वेगवान, मोठ्या पडद्याचा आणि जास्त टिकाऊ मिळतो. इन्व्हर्टर नाही आणि घेण्याची ऐपत सध्या नाही, किंवा मूल शिकायला वसतिगृहात जाणार आहे, तर लॅपटॉपच घ्यावा, मग तो थोडा हळू असला तरी हरकत नाही. मधला मार्ग म्हणजे मिनी पीसी: डब्याएवढे यंत्र, आत बहुधा लॅपटॉपचाच प्रोसेसर, वीज कमी लागते आणि इन्व्हर्टरवर बराच वेळ चालते. पण त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत, म्हणून मी तो अजून कोणाला सुचवलेला नाही.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्टॉकफिशची विंडोजसाठीची फाइल घेऊन जावी. ती यंत्रात बसवावी लागत नाही, थेट उघडते. १७.१ किंवा त्यापुढील आवृत्ती असेल तर उघडलेल्या काळ्या खिडकीत ‘स्पीडटेस्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबावे. अडीच मिनिटांत ती चाचणी सगळे कोर वापरून सेकंदाला किती स्थिती तपासल्या हे सांगते. ती एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा चालवावी आणि पहिला व चौथा आकडा ताडून पाहावा. चौथा आकडा पहिल्याच्या तीन चतुर्थांशाहून खाली गेला, आणि तोही दुकानाच्या एसीत, तर आपल्या घरी मे महिन्यात काय होईल हे उघड आहे. दुकानदार कुरकुरतो, पण दहा मिनिटांची परवानगी देतो. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

यंत्र घरी आल्यावर पहिले काम सेटिंगचे आहे, कारण स्टॉकफिश मुळात एकच थ्रेड (प्रोसेसरवर एका वेळी चालणारा कामाचा एक धागा) आणि फक्त १६ एमबी हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायला दिलेली रॅम) धरून चालते, आणि काही प्रोग्रामांत ते आकडे तसेच राहतात. कित्येकांचे चांगले यंत्र वर्षभर एका पायावर लंगडत असते ते यामुळेच. थ्रेडची संख्या प्रोसेसरच्या थ्रेडपेक्षा एक-दोनने कमी ठेवावी, १६ जीबी रॅम असेल तर हॅश २०४८ किंवा ४०९६ एमबी करावी, आणि एका वेळी दोन किंवा तीनच पर्यायी चाली दाखवायला सांगावे, कारण पर्याय वाढवले की तेवढा वेळ वाटला जातो. लॅपटॉप सतत जोडलेलाच राहणार असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करावी. उन्हाळ्यात पूर्ण भरलेली बॅटरी तापत राहिली की फुगते. नंतर तीच स्पीडटेस्ट घरी एकदा चालवून आकडा आणि तारीख कागदावर लिहावी आणि तो कागद मॉनिटरच्या मागे चिकटवावा. माझ्या डेस्कटॉपमागच्या कागदावर आता सात ओळी आहेत. एका एप्रिलमध्ये आकडा एकाएकी निम्म्यावर आला, तेव्हा तो कागद पाहूनच मी पत्रा उघडला आणि प्रोसेसरच्या पंख्यात बोटभर जाडीची रुई निघाली.